कोपरा फाटलेलं कार्ड

आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं, तर ती वाटी घासूनपुसून परत देताना चिमूटभर साखर तरी आत टाकायचीच. हे मला पुण्याला माहेरी शिकवलं होतं आणि लग्न होऊन भुकूमला आल्यावर आत्यांनीही शिकवलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्या म्हणतात. पण जपानातल्या बाईला ही रीत कुणी शिकवली होती, देव जाणे.

ती आमच्या माडीवर दीड वर्ष भाड्यानं राहिली. नवरा पिरंगुटकडं एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांना शहरात चांगला फ्लॅट दिला होता, पण दिवसभर हॉर्न ऐकून हिचं डोकं उठायचं. कुणीतरी आमची माडी दाखवली. मी तिला नळ दाखवला, न्हाणीघर दाखवलं, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. हिचं लक्ष कुठं, तर खिडकीबाहेर. खाली आमची भातखाचरं, त्यामागं डोंगर. तेवढ्यावर बाईसाहेबांनी हो म्हटलं.

पहिल्याच आठवड्यात आत्यांनी तिला डबा धाडला. तांदळाची भाकरी, पावट्याचं कालवण आणि वर खर्डा. मी म्हटलं, आत्या, खर्डा नका देऊ, मरेल बिचारी. आत्या म्हणाल्या, "मरत न्हाई कुनी. खाऊ दे की." डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, झाकणावर माझ्या सासऱ्यांचं नाव ठोकून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली, दोन्ही हातांत डबा धरून आत्यांपुढं कमरेत वाकली. आत्या दोन पावलं मागं सरकल्या. "अगं, ही पाया पडतीया का काय माज्या?"

झाकण काढलं तर आत एक पोस्टकार्ड.

मी बी.ए. झालेली. त्यात शाळेत निसर्गचित्राला बक्षीस मिळवलेली; दोन डोंगर, मधे सूर्य, समोर झोपडी. त्यामुळं चित्रातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. हे कार्ड बघून मला वाटलं, छापखान्यात बिघडलेलं दिसतंय. राखाडी कागदावर एक मोठा काळा चौकोन, कडा वेड्यावाकड्या, आणि एका बाजूला नखाएवढा लाल ठिपका. बस्स. मागं बारीक अक्षरांत इंग्रजीत चित्रकाराचं नाव, लाकडाच्या ठशावरून घेतलेला छाप असं काहीसं, आणि चित्राच्या नावाच्या जागी ‘शीर्षक नाही’. मी वाचून दाखवलं.

"नाव न्हाई?" आत्या म्हणाल्या. "बारसंच केलं न्हाई म्हन की."

मग त्यांनी ते कार्ड उजेडाला नेलं. उलटं धरलं, आडवं धरलं, परत सुलटं केलं. "ह्यो राब हाय," म्हणाल्या.

भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, त्या जागेवर शेणकूट, पालापाचोळा आणि वर माती पसरून ते सगळं भाजतात. त्याला राब म्हणतात. भाजून झालं की वाळून पांढुरक्या पडलेल्या खाचरात काळाभोर चौकोन उरतो. आत्यांनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "आन् ह्यो इस्तू. इजला न्हाई अजून. वारं सुटलं म्हंजी बांध पेटंल ह्यांचा."

जपानीण माझ्याकडं बघायला लागली, काय म्हणतात म्हणून. मला मेलीला लाज वाटली. एवढ्या मोठ्या देशातल्या मोठ्या चित्रकाराचं चित्र, आणि आमच्या आत्या त्यात शेणाचा राब बघतायत! मी मोडक्या इंग्रजीत कसंबसं सांगितलं. ती हसली नाही. कुठं, कुठं, असं विचारायला लागली. आत्यांनी तिच्या मनगटाला धरलं आणि तरातरा खाचरात नेलं. एप्रिल संपत आला होता, आमचा राब आदल्याच दिवशी भाजला होता. ती बाई एका हातात कार्ड धरून उन्हात कितीतरी वेळ त्या काळ्या चौकोनापुढं उभी राहिली. आत्या मला म्हणाल्या, "बग, वळखलं तिनं."

तेव्हापासून डबा वर जायचा आणि कार्ड घेऊन खाली यायचा. लग्नाआधी ती एका चित्रसंग्रहालयाच्या दुकानात कामाला होती. तिकडून तिनं खोकंभर कार्डं आणली होती. सगळी तसलीच. तिच्या देशातल्या नव्या चित्रकारांचे छाप, त्यांत माणूस नाही, झाड नाही, कॅलेंडरवर असतो तो बर्फाचा डोंगरसुद्धा नाही. नुसते आकार आणि रंग. मला ती सगळी सारखीच दिसायची. आत्यांना एकही दुसऱ्यासारखं दिसायचं नाही. एकात त्यांना पाणी भरलेलं खाचर दिसलं, एकात उफणताना उडालेला भुसा. एक कार्ड निळं होतं, त्यावर कमानीसारख्या बारीक बारीक रेघा. ते बघून त्या एकदम म्हणाल्या, "सारवलंय की गं! आन् डाव्या हातानं."

मी म्हटलं, "आत्या, काहीतरीच काय! कागदावर कोण सारवतंय?"

तर जपानीण तिथंच ओट्यावर मांडी घालून बसली आणि तिनं करून दाखवलं. लाकडाच्या फळीवर आकार कोरायचा, त्याला रंग लावायचा, वर कागद ठेवायचा आणि कागदाच्या पाठीवरून एका चपट्या गोल गादीनं घासायचं. हात जसा फिरतो तशा रेघा रंगात राहतात. तिचा हात ओट्यावर फिरत होता आणि शेजारी आत्यांचा सकाळच्या सारवणावर. दोघींचा हात एकाच वळणानं जात होता. बी.ए.चा काही उपयोग झाला नाही.

ती त्यांना ‘आई’ म्हणायची. आत्या अंगणातून वर बघून हाक मारायच्या, "ये गं!" ती लगेच चप्पल घालून खाली यायची. तिला मराठी फारसं आलं नाही, पण ‘ये’ पक्कं आलं. मी घाईत असले आणि दारात घुटमळले, तर मलाही म्हणायची, ये, ये, माझ्याच घरात! दुपारी दोघी ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि काय बोलायच्या कोण जाणे. एक जपानीत, एक भुकूमच्या भाषेत. मला खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. माझ्याशी आत्या कामापुरतं बोलायच्या. माझा स्वभाव तापट, जीभ तिखट, दोष माझाही होता.

नवऱ्याची बदली झाली आणि ती निघाली. आत्यांनी त्याच डब्यात खोबऱ्याच्या वड्या भरून दिल्या. ती डबा रिकामा करून परत द्यायला धडपडत होती, पिशव्या शोधत होती. आत्यांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. परत येशील तवा आन." मी इंग्रजीत सांगितलं. ती रडली. आत्या रडल्या नाहीत. गाडी वळली तरी त्या रस्त्यात उभ्या होत्या.

पुढं दरवर्षी दिवाळीच्या आसपास टपालानं एक कार्ड यायचं. तसलंच, आकारांचं. मागं तीन-चार ओळी. ओळी मी वाचायची आणि चित्र आत्या वाचायच्या. मग मला समोर बसवून त्या उत्तर सांगायच्या: म्हैस व्याली, पाऊस लई झाला, थोरल्या नातीचं लगीन ठरलं. शेवटची ओळ कधी बदलली नाही. "लिव, डबा घिऊन ये." कार्डं त्या भांड्यांच्या मांडणीवर ताटांच्या पुढं ओळीनं उभी करायच्या. आल्यागेल्या बायका विचारायच्या, हे काय गं? आत्या सांगायच्या, "माज्या लेकीनं धाडल्यात." आणि अधूनमधून, भाकरी थापता थापता, मला विचारायच्या, "ईल का गं ती येकदा?" त्यांना दुसरं काहीच नको होतं. येईल की, मी म्हणायची. माझ्या बापाचं काय जात होतं म्हणायला.

आता त्या कार्डाचं सांगते.

एका वर्षी कार्ड भलत्या वेळी आलं, ऐन श्रावणात. ताम्हिणीकडून येणारा पाऊस आमच्याकडं आठ आठ दिवस उघडत नाही. पोस्टमनची पिशवी भिजलेली, कार्ड भिजलेलं, मागची शाई सगळी ओघळून निळा चिखल झालेला. पुढचं चित्र जवळजवळ पूर्ण काळं. आणि उजवीकडचा वरचा कोपरा फाटलेला.

आजच्या पोरांना ठाऊक नाही, पण मयताचं कळवायचं कार्ड आमच्याकडं कोपरा फाडून टाकत. हातात पडल्याबरोबर, अक्षर वाचायच्या आधीच, माणसाला कळायचं. आणि असलं कार्ड घरात ठेवायचं नाही. कळलं की फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. माझे वडील गेले तेव्हा मला असंच कार्ड आलं होतं.

आत्यांनी ते बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "गेली," म्हणाल्या. "पोरगी गेली माजी."

जपानात कोण कार्डाचा कोपरा फाडतंय? टपालात फाटला असेल, पावसानं गळाला असेल. ते कार्ड चुलीच्या उबेला वाळवलं असतं, उजेडाला धरलं असतं, तर चार शब्द तरी लागले असते. मला हे सुचायला हवं होतं. घरात शिकलेली मीच होते. पण त्या दिवशी आमचं जुनं घर पाडून नवी बिल्डिंग बांधायचं बोलणं चाललं होतं, बाहेर माणसं चहाला खोळंबली होती, आत्या हंबरडा फोडत होत्या, आणि त्या फाटक्या कोपऱ्याकडं बघून मला माझ्या वडिलांचं कार्ड आठवलं होतं. "फाडून टाक ते," आत्या ओरडल्या. मी टराटरा फाडलं आणि अंगणाच्या कडेनं वाहणाऱ्या पाण्यात टाकलं. तुकडे वाहून गेलेले मी बघितले. मग आत्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि चहा टाकायला आत गेले.

हे एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. चूक दोघींची होती, म्हटलं असतं. पण दोन दिवसांनी आत्या म्हणाल्या, "तिच्या मालकाला दोन वळी लिव. मानूस येकटा पडला असंल." मी हो म्हटलं. पत्ता होता माझ्याकडं, आधीच्या सगळ्या कार्डांवर होता. आज लिहिते, उद्या लिहिते. सामान हलवायचं, भाड्याच्या खोलीत राहायचं, पोरांच्या परीक्षा. आत्या रोज विचारायच्या, लिवलं का? महिन्याभरानं मी वैतागून म्हटलं, "हो, टाकलं पत्र! किती वेळा विचाराल?"

टाकलं नव्हतं.

त्या परत विचारायच्या थांबल्या. पुढं कार्डं आली नाहीत, आणि ते साहजिकच वाटलं. मांडणीवरची जुनी कार्डं आत्यांनी लुगड्यांच्या खाली पेटीत ठेवली. सर्वपित्रीला कावळ्यासाठी पान वाढताना त्या एक घास वेगळा काढायच्या. पहिल्या वर्षी मी विचारलं, हा कुणाचा? "माज्या लेकीचा." सात वर्षं तो घास काढला गेला आणि तो ठेवायला गच्चीवर मी जायची.

या सात वर्षांत खाचरं गेली. तिथं आता सोसायट्या उभ्या आहेत, त्यांना तळ्यांची आणि डोंगरांची नावं आहेत. आमची बिल्डिंग जुन्या घराच्याच जागेवर झाली. सगळीकडं फरशी. राब भाजायला जागा नाही आणि सारवायला अंगण नाही. आत्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि समोरच्या भिंतीकडं बघतात. कधी मला वाटायचं, पेटीतली ती कार्डं काढून द्यावीत त्यांच्या हातात. तेवढीच काय ती आमची शेतं उरली होती. पण ते धाडस झालं नाही.

गेल्या जानेवारीत पार्सल आलं. खोका छोटा, टेपनं घट्ट बांधलेला, वर परदेशी तिकिटं. मी स्वयंपाकघरात कात्रीनं उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या सासऱ्यांचं नाव. डब्याबरोबर माझ्या नावानं चिठ्ठी होती, तिच्याच हातची, तिच्या त्या सरळ उभ्या अक्षरातली. सात वर्षं आम्ही जिला घास घातला तिची.

तिनं लिहिलं होतं: ‘त्या पावसाळ्यात मी कार्डातून विचारलं होतं, नवरा निवृत्त झाला आहे, थंडीत आम्ही दोघं येऊ का? उत्तराची वाट बघितली. तुमचं उत्तर दरवर्षी यायचं. ते आलं नाही, तेव्हा मी समजले की आई गेल्या. तुला दुःखात त्रास नको म्हणून पुन्हा लिहिलं नाही. आता मी हे घर सोडून मुलीकडं राहायला जाते आहे. गुडघे गेले, लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला आहे. आईंचा डबा परक्या घरात नको. रिकामा पाठवत नाही.’ खाली मुलीचा पत्ता.

डब्यात सात कार्डं होती. दरवर्षी एक घेतलेलं, मागची बाजू कोरी.

मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. लपवावं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. डबा माळ्यावर टाकावा आणि गप्प बसावं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काय आलं गं?" मी डबा घेऊन गॅलरीत गेले आणि आत्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकणावरचं नाव बोटांनी चाचपलं.

"कुनी धाडला?"

"तिनंच. जिवंत आहे ती, आत्या."

मी सगळी चिठ्ठी मराठीत करून सांगितली. ‘येऊ का’ विचारलं होतं तेही सांगितलं, गुडघ्यांचंही सांगितलं. आत्या पहिल्यांदा हसल्याच. "आगं बया! जिती हाय आन् मी तिला कावळ्याचा घास घालतीया!" हसता हसता डोळे पुसले. "आन् तिकडं तिनं मला मारलं!" मग हसू थांबलं. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पर तू मालकाला पत्र टाकलं व्हतंस न्हवं? तवा त्यास्नी कळलं न्हाई व्हय, आमचा घोटाळा झालाय म्हून?"

मला त्यांच्याकडं बघवेना. "टाकलं नव्हतं, आत्या. तुम्हाला खोटंच सांगितलं. माझं चुकलं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडायला मी भीत नाही. त्यांनी मला चष्मा मागितला, मी दिला. एकेक कार्ड काढून त्या बघायला लागल्या, उलटं, आडवं, सुलटं, पहिल्यासारखं. पण या वेळी हे काय, ते काय, काही म्हणाल्या नाहीत. मी शेजारी उभी. ऐकायला मिळावं म्हणून माझा जीव तडफडत होता. हा राब, हे खाचर, काहीतरी बोला. सातही बघून त्यांनी ती डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "कागद घे. उत्तर द्यायचं ऱ्हायलंय."

"देते ना. काय लिहू? तुम्ही बऱ्या आहात, घोटाळा झाला, असं सगळं..."

"ते मागनं लिव तुजं तू. तिनं काय इचारलं व्हतं?"

"येऊ का, म्हणून."

"मग? ये म्हनावं."

"आत्या, आता ती येऊ शकत नाही. गुडघे गेलेत तिचे. सांगितलं ना मी."

"न्हाई आली तर न्हाई आली. इचारलंय न्हवं तिनं? सात वरसं झाली. उत्तर द्याया नगो?"

मी एक कोरं पांढरं कार्ड आणलं. इंग्रजीत काही लिहिलं नाही. मधोमध, मोठ्या अक्षरात, देवनागरीत लिहिलं: ये. एवढं तिला वाचता येणार नव्हतं कदाचित, पण कुणाकडून वाचून घेतलं की ऐकून कळणार होतं. पत्ता लिहिला. कार्ड आत्यांच्या हातात दिलं. त्यांनी चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, एकेक करून, सावकाश.

मी म्हटलं, "द्या, संध्याकाळी बाजारात जाईन तेव्हा टाकते."

आत्या काठी घेऊन उठल्या. वर्षभर त्या जिना उतरल्या नव्हत्या. कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं नाही.

"आत्ता चल," म्हणाल्या. "माज्या देखत टाक."